दारातल्या पायऱ्या खचतात तेव्हा

आईच्या घराचा उंबरा आणि बाहेरची सगळ्यात वरची पायरी यांच्यामध्ये फट दिसली, तेव्हा तिच्यात जेमतेम पेन्सिल जात होती. वर्षभरानं बोट जायला लागलं. मग एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून परत येताना आईची चप्पल त्या फटीत अडकली आणि ती चौकटीला धरून कशीबशी सावरली. तिचं वय ७२. त्या रात्री मी ठरवलं की हे प्रकरण आता मुळापासून समजून घ्यायचं.

घर सांगलीत, शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आमच्या जोत्याला लागून पाणी काही दिवस उभं होतं. घराला काही झालं नाही. पायऱ्या मात्र पुढच्या उन्हाळ्यापासून उतरायला लागल्या.

पहिली दुरुस्ती सगळे करतात तीच आम्ही केली. मिस्त्री आले, बघून म्हणाले, "दोन घमेली माल टाकतो, विषय संपला." फट सिमेंटनं बुजवली आणि वरची पायरी उंबऱ्याला जुळावी म्हणून तिच्यावर दोन इंच काँक्रीट घातलं. पुढच्या मे महिन्यात फट पुन्हा तिथंच, त्याच रेषेत उघडली. शिवाय नवाच त्रास झाला: बाकीच्या पायऱ्यांची उंची सहा इंच आणि शेवटच्या पायरीची आठ. माणूस जिना चढताना प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला जी उंची कळते, तीच पाय पुढे धरून चालतो. त्यामुळे मधेच दोन इंचांचा फरक पडला की ठेच ठरलेलीच. म्हाताऱ्या माणसासाठी तर फटीपेक्षा हा फरक जास्त घातक.

मिस्त्रींच्या कष्टात खोट नव्हती. ते पायऱ्या दुरुस्त करत होते आणि बिघाड पायऱ्यांखाली होता.

वजनाचा हिशोब

"एवढं काँक्रीट घातलंय, वजनानं खचणारच," असं कुणीही म्हणतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून हिशोब करून पाहिला. चार फूट रुंद, सहा-सहा इंच उंचीच्या आणि एकेक फूट खोलीच्या पाच पायऱ्या, आतून भरीव. त्यांचं आकारमान होतं ३० घनफूट आणि वजन दोन टनांच्या आसपास. आकडा मोठा वाटतो. पण हे वजन वीस चौरस फुटांवर पसरलेलं आहे, म्हणजे एका चौरस फुटाला साधारण शंभर किलो. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली जमिनीवर याच्या दुपटीहून जास्त दाब पडतो. अंगणात एका पायावर उभं राहिल्यानं कुणी जमिनीत जात नाही. मग पायऱ्याच का गेल्या?

कारण त्यांच्याखाली जमीन नव्हतीच, भराव होता.

घर बांधताना काय काय होतं ते आठवून बघा. कॉलमसाठी पाच-सहा फुटांचे खड्डे घेतात, कठीण जमीन लागली की तिच्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमचा रुंद पाया, बसतं, जोतं वर येतं. मग घराभोवती उघडे राहिलेले चर निघालेल्या मातीनंच बुजवतात. फावड्यानं माती लोटायची, वरून थोडं पाणी मारायचं, झालं. ती धुम्मसून घट्ट करायला कुणाकडे वेळ नसतो. दाराच्या पायऱ्या सगळ्यात शेवटी होतात. पैसे संपलेले असतात, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. मग राहिलेल्या विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटची रिकामी पोतीसुद्धा त्या बुजवलेल्या चरावरच पडतात आणि त्यांच्यावर पायऱ्या उभ्या राहतात. घर उभं आहे सहा फुटांखालच्या कठीण जमिनीवर आणि पायऱ्या सहा फुटांच्या सैल मातीवर. दोघांच्या मधली फट त्याच दिवशी ठरलेली असते, दिसायला काही वर्षं लागतात.

सैल भरावाची आणखी एक खोड आहे. कोरडा असतो तोवर मातीचे कण एकमेकांना टेकून, मधे पोकळ्या ठेवून, कसेबसे उभे असतात. एकदा पूर्ण भिजला की तो आधार सुटतो आणि सगळं एकदम खाली बसतं. बरीच वर्षं जागच्या जागी असलेल्या पायऱ्या एका पुरानंतर दोन इंच उतरल्या, त्याचं उत्तर यात आहे.

काळी माती, फुगणारी आणि आक्रसणारी

भराव एकवेळ बसून शांत होईल. पण सांगली, मिरज, पलूस, वाळवा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात खालची मूळ मातीच स्वस्थ बसणारी नाही. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो हजारो वर्षं झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं एक खनिज असतं. एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात आणि पाणी मिळालं की ते थरांच्या मधे शिरतं, थर दूर सरतात, माती फुगते. उन्हानं पाणी उडालं की थर जवळ येतात आणि माती आक्रसते. उसाच्या रानात मे महिन्यात ज्या भेगा पडतात, ज्यात बैलाचा पाय अडकेल म्हणून शेतकरी जपतो, त्या याच्याच. ऊस आणि हळदीला ही माती सोन्यासारखी. पायऱ्यांना नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मला ती कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. घराच्या मधोमध, फरशीखाली, मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. तिथे ना ऊन पोचतं ना पाऊस. ओलीची खरी चढउतार होते ती घराच्या कडेला, भिंतीपासूनच्या पहिल्या तीन-चार फुटांत. दाराच्या पायऱ्या नेमक्या त्याच पट्ट्यात असतात. आषाढात वर ढकलल्या जातात, चैत्र-वैशाखात खाली उतरतात, आणि दरवर्षी उतरताना आधीच्या जागी परत येतातच असं नाही.

माझी मावशी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहते. तिच्या दारात पहार मारली तर दोन फुटांत खणखणते, कारण खाली कठीण मुरूम आहे. तिच्या पायऱ्या तीस वर्षं जागच्या हललेल्या नाहीत. तिचा मिस्त्री आणि आमचा मिस्त्री यांच्या हातात फरक नाही, पायाखाली आहे. म्हणून साताऱ्याच्या पाहुण्यानं सांगितलेला उपाय सांगलीत तसाच्या तसा लागू होईल असं धरू नका.

आधी निदान

तोडफोड करायच्या आधी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजणी करा. फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करून अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारीख भिंतीवरच लिहा. महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात फट कमी होते आणि उन्हाळ्यात वाढते असं दिसलं, तर खेळ काळ्या मातीचा आहे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाढते आणि नंतर कधीच कमी होत नाही, तर भराव बसतो आहे किंवा खालून वाहून चालला आहे. आणि दोन वर्षं आकडा हललाच नाही, तर जे बसायचं ते बसून झालं आहे. मग साधी दुरुस्तीही टिकेल.

पायरीवर तांब्याभर पाणी ओता आणि कुठे जातं ते बघा. घरापासून दूर, पुढच्या बाजूला जायला हवं. आमच्या पायऱ्या मागे, जोत्याकडे कलल्या होत्या. म्हणजे पायऱ्यांवर पडलेला सगळा पाऊस फटीतून थेट त्याच भरावात जात होता. खचल्यामुळे पाणी आत आणि पाण्यामुळे आणखी खचणं, असं ते चक्र.

हातोडीच्या दांड्यानं पायऱ्या ठोकून बघा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कानाला लगेच कळतो. बाजूनं, जमिनीलगत, एक लांब सळई आत सरकवून बघा. आमची सळई हातभर आत गेली आणि कशालाच लागली नाही. घुशींनी भराव पोखरून बिळं केली होती. पोकळ, सैल माती त्यांना उकरायला सोपी, त्यामुळे पायऱ्यांखालची जागा त्यांची आवडती.

नदीकाठच्या जुन्या वस्तीत आणखी एक शक्यता तपासायला हवी. हरिपूर, सांगलीवाडी या भागांत जमिनीत पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती आणि २००५ च्या पुरात त्यांतल्या कित्येकांत पाणी शिरलं. जागा जुनी असेल तर खाली बुजलेलं पेव, आड किंवा शोषखड्डा आहे का, हे शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा. तसं काही असेल तर वरवरची कोणतीच दुरुस्ती करू नका.

घराच्या भिंतींकडेही नजर टाका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघाल्या असतील, दारं घासायला लागली असतील, तर पायऱ्यांचा विषय बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तसंच वरच्या मजल्यावर जाणारा बाहेरचा जिना असेल आणि त्याचा खालचा पाय खचत असेल, तर तो वरच्या बीमला ओढतो. तिथे घरगुती प्रयोग नकोत. हा लेख दारातल्या चार-पाच पायऱ्यांपुरताच आहे.

आधी पाण्याची वाट बदला

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी जमतं. म्हणजे घरावरच्या मोठ्या टाक्या दोन-तीन भरतील एवढं. आमच्या गच्चीचे दोन पाइप, त्यातला एक पायऱ्यांच्या कोपऱ्यातच सुटत होता. बांधणाऱ्यानं तो तिथे आणला कारण समोरून दिसत नव्हता.

तो पाइप वाढवून गटारापर्यंत नेला. पायऱ्यांना चिकटून असलेला फुलझाडांचा वाफा काढला, कारण त्याला रोज पाणी घालणं म्हणजे भरावालाच पाणी पाजणं. धुण्याचा दगड मागच्या बाजूला हलवला. घराभोवती तीन फूट रुंद फरशीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन केला, म्हणजे भिंतीलगतच्या मातीत पाऊस मुरणार नाही आणि ऊनही थेट लागणार नाही. ओल जितकी सारखी राहील तितकी काळी माती शांत राहते. तुळस मात्र तिथेच राहिली. आईनं हलवू दिली नाही, आणि एवढ्याशा पाण्यानं काही बिघडतही नाही.

एवढं करून एक वर्ष थांबलं तर कित्येक घरांत खचणं तिथंच थांबतं. मग फट बुजवायची, पण सिमेंटनं नाही. घर आणि पायऱ्या थोड्या हलणारच, आणि सिमेंटचा माल ताणला की तुटतो. फट साफ करून आत फोमची दोरी दाबायची आणि वरून लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं. ते रबरासारखं ताणतं आणि पाणी अडवतं.

उचलायच्या की तोडायच्या?

पायऱ्या एकसंध असतील, कुठे तडा नसेल आणि फक्त खाली गेल्या असतील, तर त्या उचलता येतात. बाजूनं खड्डा घेऊन खाली जाड लोखंडी पट्टी आणि जॅक बसवायचे, अर्धा-अर्धा इंच उचलायचं, प्रत्येक वेळी खाली दगडाचं पॅकिंग द्यायचं आणि शेवटी पोकळीत सिमेंट-वाळूचा पातळ माल दाबून भरायचा. दोन टन वजन आहे, पॅकिंगशिवाय हात किंवा पाय एक क्षणही खाली जाता कामा नये. माहितगार माणसाशिवाय करू नका. पायरीला भोक पाडून दाबानं माल किंवा फुगणारा फोम आत सोडायचीही पद्धत आहे. पण खाली विटांचे तुकडे, पोती आणि घुशींची बिळं असतील तर माल कुठे जाऊन बसेल ते कुणाच्या हातात नसतं. आमच्याकडे ते शक्यच नव्हतं. आम्ही तोडल्या.

काम दिवाळी झाल्यावर काढलं. तेव्हा माती पावसाळ्यासारखी चिखल नसते आणि उन्हाळ्यासारखी पूर्ण आक्रसलेलीही नसते. मधल्या ओलीवर बांधलेलं दोन्ही टोकांना कमी हलतं. खड्डा घेतला की काम लवकर उरकायला हवं; उघडी काळी माती चार दिवसांत वाळून भेगाळते. आणि घराच्या फुटिंगच्या तळाखाली कधीही खणू नका.

सगळा राडारोडा काढला. ट्रॉलीभर निघाला. मूळ जमीन लागेपर्यंत खणलं, मग पहार टाकून बघितली: नुसत्या हाताच्या जोरावर आत गेली तर आणखी खाली. त्यानंतर मुरूम. इथे पुष्कळ जण वाळू किंवा डबर भरतात आणि फसतात. काळ्या मातीतल्या खड्ड्यात वाळू भरली की तो खड्डा हौद होतो; चारी बाजूंनी पाणी झिरपू न देणारी माती आणि मधे पाणी धरणारी वाळू. खालची काळी माती मग भिजतच राहते.

मुरूम का, याचं उत्तर मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या कामात आहे. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरं फुटायची, त्यावर त्यांनी उपाय दिला: काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर घट्ट बसवायचा. असा थर खालच्या मातीला धरून ठेवतो, फुगू देत नाही. थोडा चिकटपणा असलेला चांगला मुरूम हे काम करतो. कालव्यांसाठी साधारण मीटरभर जाडीचा थर वापरतात. आम्ही तीन फूट दिला. एकदम ओतायचा नाही. सहा इंचांचा थर, हलकं पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. मुठीत मुरूम दाबला तर लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी लागता कामा नये, एवढीच ओल. भाड्याचं मशीन मिळालं तर उत्तम. मिस्त्रींना हे अति वाटलं, पण दुसऱ्या थरानंतर टाच रोवून बघितली आणि मग तेच गड्यांवर लक्ष ठेवायला लागले.

नव्या पायऱ्या भरीव केल्या नाहीत. तिरका पाच इंची स्लॅब आणि त्यावर पायऱ्या, असं केलं की काँक्रीट निम्म्यावर येतं. स्लॅबचं खालचं टोक मुरमावरच्या रुंद फुटिंगवर, वरचं टोक जोत्याजवळच्या दोन आखूड खांबांवर, आणि त्या खांबांची फुटिंगं घराच्या फुटिंगच्या जवळपास खोल. स्लॅबच्या पोटाखाली तीन-चार इंच मोकळी जागा ठेवली, म्हणजे माती फुगली तरी पायऱ्यांना टेकणार नाही. कडेनं ती विटेनं बंद केली, नाहीतर घुशी परत आल्याच. सळई किती आणि कुठे हे इंजिनिअरकडून कागदावर घेतलं. तिरक्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खालच्या बाजूला असाव्या लागतात आणि कव्हर ब्लॉक, म्हणजे सळ्या साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे, न ठेवल्यानं त्या साच्याच्या पत्र्यालाच चिकटून राहिल्या तर दहा पावसाळ्यांत गंजून स्लॅबच्या पोटाचं काँक्रीट सुटतं.

घराशी जोडायच्या का? माझं मत स्पष्ट आहे. एक तर पायऱ्या पूर्णपणे घराच्या असाव्यात, म्हणजे बांधतानाच जोत्याच्या बीममधून काढलेल्या. नाहीतर पूर्णपणे स्वतःच्या पायावर. नंतर जोत्याला भोकं पाडून चार सळ्या ठोकल्या तर पायऱ्या उतरताना जोत्याचा गिलावा आणि वीट घेऊनच उतरतात. आम्ही मधे अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवली आणि वरून सीलंट.

काँक्रीट एम-२० या प्रतीचं, म्हणजे एक पोतं सिमेंट, दीड पट वाळू, तिप्पट खडी. पाण्याबद्दल हट्ट धरा. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे या मिश्रणाला एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरलेलं आहे. माल सरकत नाही म्हणून गडी वरून बादली ओततात, तिथेच ताकद जाते. त्याच मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या (पोर्टलँड पोझोलाना) मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलं आहे. बाजारात मिळणारं बहुतेक पोतं पीपीसीच असतं, म्हणून दहा दिवस धरा. ओली पोती टाकून आईनं स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

प्रत्येक पायरी बरोबर सहा इंच, मोजून. पाव इंचाचा उतार बाहेरच्या बाजूला. फरशी चकचकीत नाही, खडबडीत शहाबादी. एका बाजूला कठडा, कारण आता तो हवाच होता.

जोत्यावर मी जुन्या खुणा पुसल्या नाहीत. त्यांच्याशेजारी नव्या फटीच्या खुणा आहेत, तारखेसकट. काम झालं त्या दिवशी १२ मिलिमीटर. गौरी-गणपतीत ११. या मे महिन्यात १३.